रविवारची ऊब

मी एक जुना कोतात्सू आहे. मित्रांनो, हे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकले नसेल, म्हणून आधी ओळख करून देतो. दिसायला मी एक बुटके, चौकोनी टेबल. माझ्या पोटाला आतून विजेची छोटी शेगडी बसवलेली आहे. हिवाळा आला की माझ्या चौकटीवर जाड रजई पसरतात आणि तिच्यावर लाकडी फळी ठेवतात. रजई चारी बाजूंनी जमिनीपर्यंत लोंबते. माणसे भोवती जमिनीवर बसतात, पाय रजईखाली सरकवतात आणि बाहेर बर्फ पडत असला तरी निवांत संत्री सोलत बसतात.

माझ्या या बांध्यामुळे मला माणसांचे चेहरे फारसे दिसत नाहीत. वर काय बोलतात ते मी ऐकतो आणि खाली त्यांचे पाय पाहतो. चेहऱ्यावर हसू आणता येते, पायांना ते अजून जमलेले नाही. म्हणून माझी माणसांची पारख वाईट नाही, असे मी जरा फुशारकीने म्हणतो.

माझा जन्म जपानच्या डोंगराळ भागातल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी सेंदाई शहरात आलो. पहिली काही वर्षे एका विद्यार्थ्याकडे काढली. त्याने माझ्यावर पुस्तकांचा असा डोंगर रचला की मी टेबल आहे हे तोही विसरला. शिक्षण संपल्यावर त्याने मला जुन्या सामानाच्या दुकानात दिले, आणि तिथे एका ऑगस्टमध्ये सत्यजित आणि नीलिमा आले. नवे लग्न झालेले जोडपे. सत्यजित इथल्या विद्यापीठात धातूंवर संशोधन करत होता. भर उन्हाळ्यात माझी रजई कुठेतरी वेगळी ठेवलेली होती आणि वायर गुंडाळून खोक्यात होती. त्यांना वाटले, हे साधे बैठे टेबल आहे. घरी नेले आणि पुढच्याच महिन्यात माझ्यावर गणपती बसवला. माझ्या पोटात शेगडी आहे हे त्या दोघांनाही डिसेंबरपर्यंत ठाऊक नव्हते. मग एके दिवशी टेबलाखाली लोळताना सत्यजितला ती दिसली, आणि दोघे इतके हसले की शेजाऱ्यांनी भिंत ठोठावली. पुढच्या वर्षी नीलिमाने गणपतीसाठी वेगळा पाट आणला. ज्याच्याखाली आपण पाय घालतो त्याच्यावर देव बसवायचा नाही, असे तिने ठरवून टाकले. मला थोडे वाईट वाटले, पण तिचे म्हणणे बरोबर होते.

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. सेंदाईच्या थंडीत दही लागत नाही, इडलीचे पीठ फुगत नाही. नीलिमा पातेले माझ्या रजईखाली ठेवायची आणि सकाळी पीठ वर आले की माझ्या फळीवर थोपटायची. मराठी मंडळाच्या बायकांना ती सांगायची, "आमचा कोतात्सू घरातला सगळ्यात कामसू माणूस आहे." दिवाळीचा फराळ माझ्यावर मांडला जाई. पुढे तन्वी झाली. तिचे पाय सुरुवातीला माझ्या काठापर्यंतही पोहोचत नसत. मग ती सगळीच्या सगळी रजईखाली शिरू लागली, आणि तिला बाहेर काढायला दोघांना दोन बाजूंनी ओढावे लागे.

नंतर त्या दोघांचे बिनसले. का बिनसले ते मला विचारू नका, पायांवरून तेवढे कळत नाही. एवढेच दिसले की पूर्वी एका बाजूला बसणारे चार पाय समोरासमोर गेले, आणि मग सत्यजितचे पाय जेवणापुरते येऊ लागले. मोठे भांडण असे झालेच नाही. बोलणे कमी कमी होत गेले आणि एका संध्याकाळी, तन्वी शेजारच्या मैत्रिणीकडे असताना, ते दोघे माझ्यापाशी बसून शांतपणे वेगळे झाले.

"मी लॅबजवळ एक खोली बघितलीये," सत्यजित म्हणाला. "या घराचं भाडं मी भरत जाईन."

"नको. घर आम्ही दोघी वापरणार, भाडं मी भरेन."

"तुझ्या पार्टटाइमवर?"

"ते माझं मी बघेन."

"मग तन्वीसाठी किती पाठवू?"

"तुला योग्य वाटेल ते पाठव. मी मागणार नाही."

हे शेवटचे वाक्य नीलिमा फार ताठ मानेने बोलली असावी, कारण खाली तिच्या पायाची बोटे घट्ट वळली होती. दोघांनाही या देशात कायमचे राहण्याची परवानगी मिळालेली होती, त्यामुळे कुणाला परत जावे लागणार नव्हते. तन्वीची शाळा इथेच होती. एकच गोष्ट उरली होती.

"घरी सांगायचं?" नीलिमाने विचारले.

"आत्ता नको. अप्पांची नुकतीच अँजिओप्लास्टी झालीये."

अप्पा म्हणजे सत्यजितचे वडील, बाळासाहेब. ते आणि सत्यजितची आई विद्याताई चिंचवडला राहत. दर रविवारी दुपारचे जेवण झाले की त्यांचा व्हिडिओ कॉल येई. तिकडे तेव्हा सकाळचा चहा चाललेला असे. ही पद्धत लग्नापासूनची होती, आणि ती मोडली असती तर सगळेच उघड झाले असते. म्हणून त्या दोघांनी ठरवले की काही दिवस सत्यजितने रविवारी यायचे, कॉलला बसायचे आणि परत जायचे.

अप्पांची प्रकृती सुधारली. मग चुलतभावाचे लग्न आले, त्यात विघ्न नको. मग दिवाळी आली. 'आत्ता नको' म्हणता म्हणता दीड वर्ष गेले. गणेशोत्सवात मंडळाच्या फोटोतही तिघे शेजारी उभे राहिले, असे मी ऐकले.

मित्रांनो, हे नाटक मी खालून पाहिले आहे. नीलिमाने सत्यजितचा घरात घालायचा एक जुना स्वेटर खुंटीवर ठेवून दिला होता. तो आला की बाहेरचा कोट काढायचा, स्वेटर चढवायचा आणि माझ्यापाशी बसायचा. वर घरातला स्वेटर, खाली बर्फातून चालून ओले झालेले मोजे. तिकडून विद्याताई कौतुकाने म्हणत, "छान वाटतं गं तुम्हा तिघांना एकत्र बघून." इकडे नीलिमाचे पाय अंगाशी ओढलेले असत. मधे तन्वीचे पाय. ते पूर्वी सारखे हलायचे, कुणाला ना कुणाला ढोसायचे. आता ते सरळ, जुळवून ठेवलेले असत, शाळेच्या प्रार्थनेला ठेवतात तसे.

कॉल संपला की सत्यजित स्वेटर खुंटीला लावून निघून जाई. आणि नीलिमा माझे बटण बंद करी.

आता मला माझ्याबद्दल सांगायला हवे. नीलिमा खाद्यपदार्थ तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत अर्धवेळ काम करत होती. तिचा बहुतेक पगार भाड्यात जाई. सत्यजित पैसे पाठवायचा, पण प्रयोग जोरात असले की त्याला महिन्याचा विसर पडे, आणि नीलिमा तर मागणार नव्हती. लहान मुलांसाठी इथे दर महिन्याला भत्ता मिळतो. तो नगरपालिका सत्यजितच्या खात्यात भरत राहिली, कारण तिच्या नोंदीत तिघे अजून एकाच घरात राहत होते. नोंद बदलायची तर वॉर्ड ऑफिसात जाऊन तोंडाने सांगावे लागते की आम्ही वेगळे झालो. एकदा सांगितले की पत्ते बदलतात, पत्रे येतात, मंडळात कुणाच्या तरी कानावर जाते, तिथून चिंचवडला पोहोचायला वेळ लागत नाही. म्हणून नीलिमा गेली नाही. शाळेच्या जेवणाच्या खर्चाला नगरपालिका मदत करते, स्वस्त भाड्याची घरे देते. नीलिमाने यातले काहीच विचारले नाही. कागदावर तिच्या घरात विद्यापीठाचा एक पगारदार संशोधक राहत होता.

भिंतीवरचा हीटर तिने आधीच बंद केला होता. त्या हिवाळ्यात तिने मलाही बंद केले. इडलीचे पीठ भिजवणे थांबले. दही कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून, येऊ लागले, तेही लहान डबीतले. रजई अंथरलेली असायची, पण आत अंधार आणि गारठा. तन्वी शाळेतून येई, पाय आत सरकवी आणि म्हणे, "सामुई." म्हणजे थंडी वाजते.

"कोट घाल ना," नीलिमा म्हणे.

"आई, कोतात्सू ऑन करू?"

"थोड्या वेळानं. होमवर्क झाला की."

होमवर्क होई आणि मग झोपायची वेळ होई. काही दिवसांनी तन्वीने विचारणेच सोडले. कोट घालूनच ती माझ्यापाशी येऊन बसे, आणि मोज्यांवर मोजे चढवलेले तिचे पाय एकमेकांवर घासत राही. मला शेगडी आहे, तार आहे, अंगात धमक आहे, आणि समोर एक लहान मूल गारठते आहे. याहून मोठी लाज कोतात्सूला नसते. पण माझे बटण माझ्या हातात नाही.

रविवारी मात्र मला तासभर आधीच चालू केले जाई. खोली हसरी दिसायला हवी होती.

फेब्रुवारीतला एक रविवार होता. सकाळपासून बर्फ पडत होता. तिघे आपापल्या जागी बसले, कॉल लागला. इकडचे तिकडचे बोलणे झाले, पोह्यांवर लिंबू पिळल्याचे सांगून झाले. मग विद्याताई नातीला म्हणाल्या, "तिकडे फार बर्फ पडतोय म्हणे. पाय गरम आहेत ना गं, बाळा?"

"हो आजी, आज गरम आहेत. बाबा येतो त्या दिवशी कोतात्सू ऑन असतो."

माझ्या रजईखाली सहा पाय होते. त्यातले चार एकदम थिजले.

"बाबा येतो म्हणजे?" विद्याताई म्हणाल्या. "कुठून येतो?"

"त्याच्या घरून," तन्वी म्हणाली. तिला यात वावगे काही वाटलेच नाही. खरे तेच ती बोलली होती, आणि आजीशी खरे बोलावे हे तिला याच घरात शिकवले होते.

मग विद्याताईंचा आवाज आला, "अहो, जरा इकडे या."

बाळासाहेब आले. सत्यजित म्हणाला, "अप्पा, मी वेगळा राहतो. दीड वर्ष झालं."

"मग दर रविवारी आम्ही काय बघत होतो?" बाळासाहेबांनी विचारले. त्यांचा आवाज चढला नव्हता. थोड्या वेळाने तिकडून कॉल बंद झाला.

तन्वीला आतल्या खोलीत पाठवल्यावर सत्यजित म्हणाला, "बाकीचे दिवस हा बंद असतो?"

"लाइट बिल येतं," नीलिमा म्हणाली.

"मला सांगायचंस तरी."

"मी मागणार नाही म्हणाले होते."

"अगं, पण मी पाठवतो की पैसे."

"आठवलं की पाठवतोस."

सत्यजित हळूच म्हणाला, "तिचा भत्तासुद्धा माझ्याच खात्यात येतोय. माझ्या लक्षातच आलं नाही."

तो लबाड नव्हता, मित्रांनो. हे मी त्याची बाजू घेऊन सांगत नाही. तो खरोखर विसरला होता, आणि मुलीच्या पायांना त्याच्या विसरण्याने तितकीच थंडी वाजली होती. त्याने रजई उचलून आत हात घातला. मी तेव्हा गरम होतो. तो हात तसाच ठेवून बराच वेळ बसला. नीलिमाही उठली नाही. दोघांपैकी कुणी रडले का ते मला सांगता येणार नाही, मला चेहरे दिसत नाहीत.

पुढचे दोन रविवार कॉल आला नाही. मग एका साध्या दिवशी, नीलिमा कामावरून येऊन कोटासकट बसली होती, तेव्हा विद्याताईंचा फोन आला.

"मी रागावलेय," त्यांनी सुरुवातच अशी केली. "आम्हाला म्हातारे समजून नाटक दाखवलंत. तो राग माझा जायला वेळ लागेल. पण मला एवढं सांग, घराचं भाडं कोण भरतं?"

"मी, आई."

"का?"

"मला त्याच्याकडे हात पसरायचा नव्हता."

"तुझ्यासाठी पसरू नकोस. तुझ्या जागी मी असते तर मीही पसरला नसता. पण तन्वी काय तुझ्या एकटीची आहे का? बाप आहे तो तिचा. तिचं तिला मिळायला हवं, त्यात तुझा मान कुठे आला मधे?"



"आणि हे बघ," विद्याताई म्हणाल्या, "सत्यजितलाही मी बोललेय. पण त्याच्या आठवणीवर काही ठेवू नका. शाळेत असताना तो जेवणाचा डबासुद्धा विसरून यायचा. लिहून घ्या सगळं."

फोन ठेवल्यावर नीलिमाने हात खाली घालून माझे बटण दाबले. त्या दिवशी तन्वी शाळेतून आली, सवयीने कोट न काढता बसली, आणि पाय आत घालताच दचकून म्हणाली, "आज कोण येणारे?"

"कुणी नाही," नीलिमा म्हणाली, आणि तिने तन्वीचा कोट काढून घेतला.

त्यानंतरची कामे माझ्यापासून लांब झाली, पण दोघी घरी येऊन माझ्यापाशीच बोलत, म्हणून मला ठाऊक आहेत. सत्यजित स्वतः वॉर्ड ऑफिसात गेला आणि आपण आता त्या पत्त्यावर राहत नाही हे सांगून आला. सुटी घेऊन दोन खिडक्यांवर रांगेत उभा राहिला म्हणे. पुढे दोघे कौटुंबिक न्यायालयात गेले. तिथे समझोता घडवून आणण्यासाठी एक बाई आणि एक गृहस्थ बसतात आणि दोघांना आळीपाळीने आत बोलावून ऐकून घेतात. तन्वीसाठी दर महिन्याला किती हवे, असे विचारल्यावर नीलिमाने फारच थोडे सांगितले. त्या बाईंनी वाद घातला नाही. दोघांचे उत्पन्न पाहून मुलाच्या खर्चाचा अंदाज देणारा एक तक्ता असतो, तो त्यांनी तिच्यापुढे सरकवला आणि ती वाचेपर्यंत थांबल्या. शेवटी त्या तक्त्याप्रमाणे ठरले. दर महिन्याची तारीख ठरली. घटस्फोटही तिथेच झाला. भत्ता नीलिमाच्या खात्यात येऊ लागला, शाळेच्या जेवणाची मदत सुरू झाली. नगरपालिकेच्या घरासाठी चिठ्ठ्या टाकतात, त्यात पहिल्या खेपेला तिचे नाव आले नाही. दुसऱ्या खेपेला आले.

घर छोटे आहे. चौथा मजला, लिफ्ट नाही, खिडक्या उत्तरेला. पण शाळा तीच राहिली आणि भाडे पगाराला झेपते. मला वर चढवायला सत्यजित आला होता. एक बाजू त्याने धरली, एक नीलिमाने, आणि तन्वी प्रत्येक वळणावर "हिदारी, हिदारी" असे ओरडत होती, म्हणजे डावीकडे. दोघांना दमल्यावर मधल्या जिन्यात मला टेकवावे लागले. तिथे ते दोघे अगदी जुन्या ओळखीच्या माणसांसारखे बोलले, सामानाबद्दल, गुडघ्यांबद्दल. मग तो पाणी प्यायला आणि त्याच्या घरी गेला.

आता रविवारी आजी-आजोबांचे दोन कॉल होतात, एक इथे आणि एक सत्यजितच्या घरी. बाळासाहेब अजून नीलिमाशी थोडे तुटक बोलतात. तिने ते मान्य केले आहे.

गेल्या महिन्यात ठरलेली तारीख आली आणि गेली, पैसे आले नाहीत. तन्वी माझ्यापाशी कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरे, गिरवत होती. नीलिमाने फोन उचलला, खाली ठेवला, परत उचलला. पूर्वीची नीलिमा आतल्या खोलीत गेली असती, किंवा फोन केलाच नसता. ती जागची हलली नाही.

"सत्यजित, तन्वीचे पैसे आले नाहीत," ती म्हणाली. "आज पाठव."

"अरे हो. सॉरी. आत्ता लगेच पाठवतो."

एवढेच बोलणे झाले. तिचा आवाज चढला नाही आणि पडलाही नाही. खाली तिचे दोन्ही पाय थरथरत होते. ते तन्वीला दिसत नव्हते, पण जाणवले असणार. तिने लिहिता लिहिताच आपला पाय सरकवून आईच्या पायावर ठेवला.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. माझी तार एकदा बदलून झाली आहे, रजईला ठिगळ आहे, आणि फळीवर इडलीच्या पातेल्याचे गोल डाग आहेत. अजून किती हिवाळे काढीन ते सांगता येत नाही. माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही, ती नीलिमा घेते. मोठी माणसे कधी कधी वेगळी होतात, ते त्यांचे त्यांना ठरवू द्या. पण तुमचे छप्पर, तुमचे जेवण आणि तुमची ऊब ही दोघांनी मिळून द्यायची असते, वेगळे झाल्यावरसुद्धा. म्हणून घरात तुम्हाला थंडी वाजत असेल तर तसे सांगा. आईला वाईट वाटेल, बाबांना राग येईल, आजीला कळेल, म्हणून कोट घालून गप्प बसू नका.